ट्रेडिंग जर्नल ॲपमध्ये स्पॅनिश टाकायचंय, सुरुवात भाषांतरापासून करू की आकड्यांपासून?

चार्टवेडा

नमस्कार मंडळी, मी आणि माझा एक मित्र मिळून ट्रेडिंग जर्नलचं ॲप चालवतो, वेब रिॲक्टवर आणि मोबाईल रिॲक्ट नेटिव्हवर. ट्रेड टाकायचा, चार्टचा स्क्रीनशॉट जोडायचा, सेटअपचा टॅग लावायचा, मनात काय चाललं होतं ते लिहायचं, मग विन रेट, प्रॉफिट फॅक्टर, आर मल्टिपल, इक्विटी कर्व्ह हे सगळं आपोआप निघतं. सध्या सगळं इंग्रजीत आहे. गेल्या काही महिन्यांत मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना आणि स्पेनमधून बरेच लोक आलेत, त्यात फॉरेक्स आणि फ्युचर्सवाले जास्त, आणि सपोर्टच्या इनबॉक्समध्ये रोज तोच प्रश्न, स्पॅनिश कधी येणार. मागणी खरी आहे, कारण जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे, आणि जर्नल ही अशी गोष्ट आहे की जी माणूस आपल्या भाषेतच मनापासून लिहितो, परक्या भाषेतले बटण बघत बघत कोण मन मोकळं करणार.

आम्ही आय१८नेक्स्ट (भाषांतरं सांभाळणारी लायब्ररी) बसवलंय, अर्धेअधिक स्ट्रिंग, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे शब्द-वाक्यं, जेसॉन फाइलमध्ये काढूनही झालेत. आता पुढे काय यावर आमचं दोघांचं एकमत होत नाहीये. मित्र म्हणतो फाइल मशीनकडून भाषांतर करून घेऊ, एखाद्या स्पॅनिश बोलणाऱ्याला दाखवू आणि सोडून देऊ, लोक चुका सांगतील तसं सुधारू. मला वाटतं गडबड भाषांतरात नाही, दुसरीकडेच कुठेतरी होणार आहे पण नेमकी कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. शिवाय स्पेनची स्पॅनिश वेगळी आणि लॅटिन अमेरिकेची वेगळी म्हणतात, मग दोन फाइली ठेवायच्या का एकच? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

कोडकट्टा

तुमची शंका बरोबर आहे, आधी आकडे. हे मी फार ठामपणे सांगतोय कारण जर्नल ॲप म्हणजे शेवटी आकड्यांचंच ॲप. बटणावरचा शब्द थोडा ओबडधोबड असला तरी माणूस समजून घेतो, पण त्याचा एन्ट्री प्राइस चुकीचा साठवला गेला की सगळी आकडेवारी खोटी होते आणि त्याला कळतही नाही.

एकच उदाहरण घेऊन बघा. स्पेनमधला माणूस युरो-डॉलरचा ट्रेड टाकतोय, भाव १.०८५२. त्याच्याकडे दशांशाला टिंब नसतं, कॉमा असतो, म्हणून तो टाइप करतो १,०८५२. आता तुमच्या फील्डच्या मागे काय आहे त्यावर ठरतं. नुसतं पार्सफ्लोट (मजकुराचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) असेल तर कॉमापाशी थांबून १ साठवेल. कुणी हुशारीने आधी कॉमे काढून टाकणारी ओळ लिहिली असेल, म्हणजे हजाराचे कॉमे समजून, तर १०८५२ साठवेल. दोन्ही वेळा एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. आणि ब्रोकरच्या स्टेटमेंटमधून कॉपी करून १.२३४,५६ पेस्ट केलं तर पार्सफ्लोट त्याचं १.२३४ करेल, म्हणजे हजाराच्या वरचा नफा एका रुपड्याएवढा झाला. पूर्ण चुकलेलं असेल तर निदान दिसतं, हे असं अर्धवट चुकलेलं सगळ्यात वाईट.

आणि इथेच लोकांचा मोठा गैरसमज असतो की स्पॅनिश म्हणजे कॉमा. नाही. स्पेन, अर्जेंटिना, चिले, कोलंबिया इथे दशांशाला कॉमा. मेक्सिको, पेरू, ग्वातेमाला, डोमिनिकन रिपब्लिक इथे दशांशाला टिंब आणि हजाराला कॉमा, म्हणजे इंग्रजीसारखंच. एकच भाषा आणि दोन उलट पद्धती. म्हणून भाषा स्पॅनिश निवडली की आकड्यांची पद्धत आपोआप बदलायची हे करूच नका. सेटिंगमध्ये दोन वेगळे पर्याय ठेवा, भाषा एक आणि आकड्यांची मांडणी एक, सुरुवातीचा अंदाज डिव्हाइसच्या रीजनवरून घ्या पण बदलायची मुभा द्या. कितीतरी लोक असे आहेत की राहतात कोलंबियात, ब्रोकरचं टर्मिनल टिंबवालं, फोन स्पॅनिशमध्ये पण रीजन अमेरिका ठेवलेला. आयफोनचा दशांशवाला कीबोर्ड रीजन बघून टिंब किंवा कॉमा दाखवतो, ॲपची भाषा बघून नाही, त्यामुळे तुमचं ॲप टिंब मागतंय आणि कीबोर्डवर टिंबच नाही अशी वेळ येते आणि माणूस बिचारा अडकून बसतो.

दाखवायचं काम इंटलचं, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या भाषा-प्रदेशाप्रमाणे मांडणी करणाऱ्या सोयीचं, नंबरफॉरमॅट नीट करतं पण वाचायचं काम ते करत नाही, टाइप केलेला आकडा वाचणारा पार्सर तुम्हालाच लिहावा लागेल. विभाजक चिन्हं कुठली आहेत हे शोधायला फॉरमॅटटूपार्ट्स वापरा, पण नमुना आकडा मोठा घ्या. स्पेनच्या पद्धतीत चार आकडी संख्येला हजाराचं चिन्ह लावतच नाहीत, १२३४,५ असंच येतं, पाच आकडी झाली की १२.३४५,६ होतं. म्हणजे १२३४.५ देऊन चाचपलं तर तुमच्या कोडला वाटेल हजाराचं चिन्हच नाही. रिॲक्ट नेटिव्हच्या हर्मीस इंजिनवर इंटलचा सपोर्ट अँड्रॉइड आणि आयफोनवर सारखा नसतो त्यामुळे हे खऱ्या फोनवर तपासा, सिम्युलेटरवर समाधान मानू नका.

पार्सरचा नियम साधा ठेवा. दोन्ही चिन्हं आली तर शेवटचं ते दशांश. एकच चिन्ह आलं आणि त्याच्यानंतर बरोबर तीन अंक असतील, म्हणजे १.०८५ किंवा १,०८५, तर ते खरंच संदिग्ध आहे, अंदाज लावू नका, युजरच्या सेटिंगप्रमाणे घ्या आणि फील्डच्या खाली तुम्ही काय समजलात ते लगेच दाखवा. इन्स्ट्रुमेंट माहीत असेल तर त्याचा टिक साइज, म्हणजे भाव कमीत कमी कितीने हलतो ते, हेही मदतीला येतं, युरो-डॉलरचा भाव हजारात नसतोच. आणि डेटाबेसमध्ये कायम एकच रूप, टिंबवालं, डेसिमल प्रकारात. तिथे युजरची मांडणी पोचताच कामा नये.

---

भाषावेल्हाळ

कोडकट्टांनी आकड्यांचं फार छान सांगितलं. मी स्पॅनिश-इंग्रजी भाषांतराचं काम करते, त्यात फायनान्सची ॲप्स बरीच येतात, म्हणून शब्दांच्या बाजूने सांगते.

मशीनकडून करून घेऊन नंतर सुधारू हे जर्नलच्या बाबतीत का फसतं तर तुमच्या बऱ्याच स्ट्रिंग एकेका शब्दाच्या असतात आणि एकट्या शब्दाला संदर्भ नसतो. तुमच्या फाइलमध्ये ओपन नावाची एकच की (स्ट्रिंगचं कोडमधलं नाव) असेल, बरोबर? ती बटणावर पण आहे, ट्रेडच्या स्थितीवर पण आणि कँडलच्या चार भावांमध्ये पण. स्पॅनिशमध्ये बटणाला आब्रिर, चालू असलेल्या ट्रेडला आबिएर्ता, भावाला आपेर्तुरा. आणि आबिएर्ता का, तर ट्रेडला तिथे ओपेरासिओन म्हणतात आणि ते स्त्रीलिंगी. बाजार चालू आहे म्हणायचं तर मेर्कादो आबिएर्तो, कारण मेर्कादो पुल्लिंगी. तसंच नफ्यातला ट्रेड गानादोरा पण नफ्यातला दिवस गानादोर. मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही, आपल्याकडेही विशेषण लिंगाप्रमाणे बदलतंच. तेव्हा एका शब्दाची एक की हे मोडा, जागेप्रमाणे की वेगळ्या करा आणि प्रत्येकीला दोन ओळींची टीप लिहा की हे कुठे दिसतं आणि कशाबद्दल आहे. तो कंटाळवाणा भाग आहे पण मी सांगते, भाषांतराचा दर्जा नव्वद टक्के त्या टिपांवर ठरतो, भाषांतर माणूस करो वा मशीन. शक्य असेल तर स्क्रीनशॉट जोडा.

एक गंमतशीर अडचण सांगते जी ट्रेडिंगच्या ॲपमध्येच येते. टेबलच्या शेवटच्या कॉलमला ॲक्शन्स असं लिहिलेलं असतं, एडिट, डिलीट वगैरे. त्याचं स्पॅनिश आक्सिओनेस. पण शेअर्सनाही आक्सिओनेसच म्हणतात! म्हणजे माणसाला वाटतं या कॉलममध्ये किती शेअर घेतले ते असेल. मग कोणीतरी म्हणतं बरं, ऑप्शन्स लिहू, ओप्सिओनेस. तर कॉल-पुटवाल्या ऑप्शन्सनाही ओप्सिओनेसच. अशा ठिकाणी शब्द काढून टाका आणि तीन टिंबांचं चिन्ह ठेवा, स्क्रीन रीडरसाठी लपलेलं लेबल मात्र पूर्ण वाक्यात द्या.

इक्विटी कर्व्हला मशीन कधीकधी एकिदाद वापरतं, त्याचा मूळ अर्थ न्याय्यपणा. खात्याच्या वाढीची रेषा म्हणून कुर्वा दे कापिताल चांगलं वाटतं आणि कळतं. बॅलन्ससाठी साल्दो. लाँग-शॉर्टसाठी (भाव वाढेल की पडेल यावरचे ट्रेड) लार्गो-कोर्तो ठेवा, कोंप्रा-वेंता म्हणजे खरेदी-विक्री लिहू नका, कारण शॉर्ट पोझिशन बंद करतानाही खरेदीच करावी लागते आणि मग फिल्टरमध्ये कोणती खरेदी हा प्रश्न उभा राहतो. टेक प्रॉफिटमध्ये स्पेनला बेनेफिसिओ आवडतं आणि लॅटिन अमेरिकेत गानान्सिया, पण गानान्सिया सगळीकडे बिनबोभाट चालतं.

---

अर्धाटिक

मी स्वतः ट्रेड करतो, प्रोग्रामर नाही, पण एका स्पॅनिश ट्रेडिंग ग्रुपमध्ये बऱ्याच काळापासून आहे म्हणून एक विरुद्ध मत मांडतो. सगळं भाषांतर करू नका. ते लोक स्टॉप लॉस, ड्रॉडाउन, ब्रेकआउट, पुलबॅक, स्कॅल्पिंग, पिप हे शब्द इंग्रजीतच बोलतात, आपण मराठीत बोलतो तसेच. ड्रॉडाउनचं शुद्ध स्पॅनिश भाषांतर दिसलं की त्यांना वाटतं हे ॲप ट्रेडरने बनवलेलं नाही. ग्रुपवर कोणीतरी अशाच एका ॲपचे स्क्रीनशॉट टाकले होते, त्यात स्टॉपचं भाषांतर बसथांबा असतो तसला काहीतरी शब्द आला होता, आणि पुढे तिथे त्या ॲपचं नाव कोणी गंभीरपणे घेतलं नाही. तेव्हा आधी शब्दांची यादी करा, कोणता शब्द इंग्रजी राहणार आणि कोणता बदलणार, आणि ती यादी दोन-तीन खऱ्या ट्रेडर्सना दाखवा, भाषेच्या शिक्षकाला नाही.

दुसरं, वेळ. हे भाषेचं नाही पण या देशांतून लोक आले की लगेच अंगावर येतं. जर्नलमध्ये कुठल्या तासाला मी जास्त कमावतो असा चार्ट असतो ना, तो कुठल्या वेळेप्रमाणे काढता? न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या ९:३० ला उघडतो. माद्रिदमध्ये तेव्हा दुपारचे १५:३० वाजलेले असतात. पण अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तोच बाजार माद्रिदला १४:३० ला उघडतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर तसंच. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशासाठी घड्याळ मागेपुढे करणं बंदच केलं, त्यामुळे मेक्सिको सिटीच्या ट्रेडरला न्यूयॉर्क उन्हाळ्यात ७:३० ला आणि हिवाळ्यात ८:३० ला उघडतं. कोलंबियाही घड्याळ हलवत नाही. मग वर्षभराचा डेटा स्थानिक तासाप्रमाणे एकत्र केला की उघडण्याच्या पहिल्या तासाचे ट्रेड दोन वेगळ्या खणांत पडतात आणि माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो की मी साडेसातला वाईट खेळतो. एक्सचेंजच्या वेळेप्रमाणे बघायचा पर्याय द्याच. माझ्या मते हा चार्ट बरोबर असणं हे मेनू स्पॅनिशमध्ये असण्यापेक्षा मोठं आहे.

---

भाषावेल्हाळ

@अर्धाटिक, स्टॉप लॉस आणि ड्रॉडाउन तसेच ठेवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त एक भर, नवीन माणसासाठी त्या शब्दावर बोट ठेवलं की साध्या स्पॅनिशमध्ये एक ओळीचं स्पष्टीकरण दिसू द्या. जर्नल वापरणारे बरेच लोक नुकते सुरू झालेले असतात, त्यांना ड्रॉडाउन म्हणजे शिखरापासून किती खाली आलो हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

---

चार्टवेडा

वा, एवढं अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. ओपनची की खरंच एकच आहे, आताच बघितलं, आणि क्लोज पण तशीच. तासाच्या चार्टबद्दल तर विचारच केला नव्हता. आता माझा दुसरा प्रश्न राहिला, एक स्पॅनिश की दोन?

---

कोडकट्टा

सुरुवातीला शब्दांची एकच फाइल, तटस्थ आणि लॅटिन अमेरिकेकडे झुकलेली, कारण तुमचे लोक तिकडचे जास्त आहेत. पण लोकॅलचे, म्हणजे भाषा-प्रदेशाचे, कोड पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. इएस म्हणजे स्पेनची पद्धत आणि इएस-४१९ म्हणजे लॅटिन अमेरिका, हा ४१९ संयुक्त राष्ट्रांच्या प्रदेश-कोडांमधला आहे, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठीचा. इंटलला हे नातं माहीत असतं, मेक्सिकोच्या कोडचा पालक ४१९ आहे हे त्याला कळतं. आय१८नेक्स्टला मात्र कळत नाही, ते शेपूट कापून मेक्सिकोवरून थेट इएसवर उडी मारतं. तेव्हा फॉलबॅकचा नकाशा, म्हणजे एक फाइल नसेल तर कुठली बघायची ते, हाताने लिहा, नाहीतर उद्या ४१९ ची फाइल केलीत तरी मेक्सिकोवाल्याला ती कधी दिसणारच नाही आणि तुम्ही शोधत बसाल.

स्टोअरवर पण हेच दोन भाग दिसतात. ॲपलकडे स्पेन आणि मेक्सिको अशा दोन स्पॅनिश आहेत, गूगल प्लेवर स्पेन, लॅटिन अमेरिका आणि अमेरिका अशा तीन. ॲपच्या आतले शब्द एक असले तरी स्टोअरचं वर्णन वेगवेगळं लिहा, कारण शोधताना स्पेनमधला माणूस दियारिओ दे ट्रेडिंग टाकेल आणि तिकडचे बरेच जण बिताकोरा टाकतात.

---

भाषावेल्हाळ

आणि युजरला संबोधन कसं करायचं ते एकदाच ठरवा. अर्जेंटिनात वोस म्हणतात, बाकी बहुतेक ठिकाणी तू म्हणजे अरे-तुरेवालं रूप, आणि औपचारिक उस्तेद. जर्नलसाठी तू चांगलं, पण जिथे जमेल तिथे बटणं क्रियापदाच्या मूळ रूपातच ठेवा, ग्वार्दार, एदितार, मग संबोधनाचा प्रश्नच येत नाही. ॲडसाठी स्पेनमध्ये आन्यादिर आणि लॅटिन अमेरिकेत आग्रेगार, पण दोन्हीकडे दोन्ही कळतं, एवढ्यासाठी वेगळी फाइल नको. मात्र त्या प्रोत्साहनाच्या सूचना असतात ना, आज जर्नल लिहिलं नाहीस वगैरे, त्या स्थानिक माणसाकडूनच लिहून घ्या. लागोपाठ तीन तोट्यानंतर माणसाला जे वाक्य दिसणार आहे ते नीट हवं, तो आधीच खचलेला असतो. इंग्रजीतलं हलकंफुलकं वाक्य शब्दशः गेलं की ते टोमण्यासारखं लागतं.

---

बगशोधक

टेस्टिंगवाला आहे, आमच्या बाजूने पण थोडं.

सगळ्यात आधी खोटी भाषा बनवून चालवा, म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगला कंस आणि दोन-चार फाजील अक्षरं लावून लांब करायची. जिथे कंस दिसत नाही ती स्ट्रिंग अजून कोडमध्ये गाडलेली आहे आणि जिथे डबा फुटतो तिथे डिझाइन दुरुस्त करायचं. स्पॅनिश साधारण पाव भागाने लांब होते पण छोट्या शब्दांत दुप्पट पण होते, लॉगिनचं इनिसियार सेसिओन होतं बघा. मोबाईलच्या खालच्या टॅबवर हे पहिलं फुटेल.

मग डेटाबेस तपासा. विन, लॉस, लाँग, शॉर्ट हे शब्द जसेच्या तसे साठवलेत का? तसं असेल तर भाषांतर झालं की फिल्टर रिकामे येतील. आत कोड, बाहेर शब्द. आणि साइनअपच्या वेळी युजरच्या खात्यात तयार टॅग टाकता का, ब्रेकआउट, रिव्हेंज, फोमो असे? ते एकदा त्याच्या खात्यात गेले की त्याचे झाले, नंतर भाषा बदलली तरी ते बदलणार नाहीत, आणि बदलूही नयेत कारण त्याने त्यात फेरफार केलेले असू शकतात. तेव्हा नवीन खात्याला टॅग टाकताना भाषा बघून टाका. त्याच्या स्वतःच्या नोट्सना तर हातच लावायचा नाही.

शोध. लोक घाईत ॲक्सेंट टाकत नाहीत, ओपेरासिओन मधला ॲक्सेंट नसला तरी सापडलं पाहिजे. पण एन्ये हे वेगळं अक्षर आहे, वर्णक्रमात एनच्या नंतर येतं, त्यामुळे यादी लावताना इंटलचा कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा) वापरा, नुसता सॉर्ट केला तर एन्ये आणि ॲक्सेंटवाले शब्द झेडच्याही खाली जाऊन पडतात.

एक्सपोर्टवर माझं विशेष लक्ष असतं कारण तिथे तक्रारी फार येतात. दशांशाला कॉमा असलेल्या मशीनवर एक्सेलला सीएसव्हीमध्ये सेमिकोलन हवा असतो, तुमची कॉमावाली फाइल उघडली की सगळं एका कॉलममध्ये गोळा होतं. आणि १.०८५ हा भाव तिथे एक हजार पंच्याऐंशी होतो. यूटीएफ-८ ची फाइल सुरुवातीच्या बीओएमशिवाय (फाइलची अक्षरपद्धत सांगणारी खूण) दिलीत तर एन्येच्या जागी कचरा दिसतो. सरळ एक्सएलएसएक्स द्या, त्यात आकडा आकडा म्हणूनच जातो आणि समोरच्याचं एक्सेल आपल्या पद्धतीने दाखवतं. सीएसव्ही ठेवा पण चिन्ह निवडू द्या. इंपोर्टलाही तेच, आणि लक्षात ठेवा की टर्मिनल स्पॅनिशमध्ये असेल तर स्टेटमेंटच्या कॉलमची नावंही स्पॅनिश येऊ शकतात, नावावरून कॉलम ओळखणारा तुमचा कोड तिथे गप्प बसेल.

हो आणि चलन. मेक्सिको, कोलंबिया, चिले, अर्जेंटिना सगळ्यांच्या पेसोला डॉलरचंच चिन्ह आहे. नुसतं चिन्ह दाखवलंत तर खातं अमेरिकन डॉलरमध्ये आहे की पेसोमध्ये ते कळत नाही आणि फरक प्रचंड आहे, तीन अक्षरी कोड दाखवा. चिलेच्या पेसोला दशांश नसतात, तिथे दोन शून्यं लटकवू नका.

---

अर्धाटिक

व्हॉल्यूम आणि मार्केट कॅपच्या आकड्यांमागे के, एम, बी लावता का? मग तेही बघा, त्यांचा बियोन म्हणजे इंग्रजी बिलियन नाही, हजारपट मोठा आहे, एकावर बारा शून्यं. इंग्रजी बिलियनला ते मिल मियोनेस म्हणतात, हजार दशलक्ष. बी तसाच ठेवला तर वाचणारा हजारपट चुकू शकतो.

---

कोडकट्टा

बरोबर, आणि इंटलचं कॉम्पॅक्ट नोटेशन हे आपोआप सांभाळतं, १००० एम असं दाखवतं. हाताने जोडलेले के-एम-बी कोडमधून शोधून काढा. तसंच अनेकवचन. एक असेल तर हे नाहीतर ते असं इफ-एल्स नको, आयसीयू या भाषा-मांडणीच्या लायब्ररीच्या नियमांत स्पॅनिशला एक, अनेक आणि इतर असे तीन प्रकार आहेत, मधला पूर्ण दशलक्षाच्या आकड्यांसाठी. तुमच्या जर्नलमध्ये दशलक्ष ट्रेड कोणी टाकणार नाही पण फाइलमध्ये तो प्रकार नसेल तर काही टूल तक्रार करतात, भरून ठेवा.

---

चार्टवेडा

तुमचं सगळं वाचून कालच डेटाबेस चाळला आणि जे नको होतं तेच दिसलं. युरो-डॉलरच्या काही नोंदींमध्ये एन्ट्री प्राइस १०८५२, १०९१७ असे आहेत, काहींमध्ये नुसता १. सगळी खाती स्पेन, अर्जेंटिना आणि कोलंबियाची. काही जण त्यानंतर परत आलेच नाहीत, आता कळतंय का. पार्सर आणि वेगळी आकड्यांची सेटिंग हे आधी जाणार, स्पॅनिश त्याच्या मागून, मित्रालाही पटलंय. पण या जुन्या नोंदींचं काय करू? १०८५२ ला दहा हजाराने भागणारी एक स्क्रिप्ट चालवली तर संपतंय असं वाटतं.

---

कोडकट्टा

स्क्रिप्ट चालवून गुपचूप बदलू नका. १०८५२ चं १.०८५२ करणं सोपं वाटतं कारण युरो-डॉलर आहे. पण येनच्या जोडीत दशांशानंतर दोन किंवा तीनच अंक असतात, सोन्यात दोन, आणि निर्देशांकांच्या फ्युचर्समध्ये पाच आकडी भाव खराच असतो, एका नियमाने सगळं भागलंत तर बरोबर असलेल्या नोंदी बिघडतील. आणि १ साठवलेल्या नोंदीत तर माहितीच उरलेली नाही, तिथे भागाकार-गुणाकार काही कामाचा नाही.

असं करा. प्रत्येक इन्स्ट्रुमेंटचा त्या दिवसाचा उच्चांक-नीचांक तुमच्या चार्टच्या डेटामध्ये असेलच. नोंदीतला भाव त्या पट्ट्याच्या बाहेर असेल तर फक्त खूण लावा. मूळ किंमत वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा. दहाच्या घातांकाने भागून जर तो त्या पट्ट्यात बसत असेल तर सुचवणी तयार ठेवा. आणि युजरने लॉगिन केलं की त्याला त्याच्याच नोंदी दाखवा, हा भाव असा साठवला गेला होता, आम्हाला तो असा असावा असं वाटतं, बरोबर आहे का. शेजारी त्याने जोडलेला स्क्रीनशॉट असेल तर तो पण दाखवा, त्यावर भाव दिसतोच. त्याने हो म्हटलं की मगच बदल. तोपर्यंत अशा नोंदी आकडेवारीतून बाहेर ठेवा आणि त्या बाहेर ठेवल्यात हे चार्टवर लिहा.

---

भाषावेल्हाळ

तो संदेश त्या लोकांना इंग्रजीत पाठवू नका हं. ॲप स्पॅनिशमध्ये यायला वेळ लागला तरी चालेल, ही चार वाक्यं आत्ताच स्पॅनिशमध्ये हवीत, आणि जे सोडून गेले त्यांना ईमेलवर पण. मला मेसेज करा, मी लिहून देते, दोन रूपं करू, एक स्पेनच्या शब्दांचं आणि एक कोलंबिया-अर्जेंटिनाचं, आणि उदाहरणातला भाव दोन्हीत कॉमाने लिहू, म्हणजे तो त्यांच्या सवयीने दिसेल.

---

बगशोधक

आणि ते पाठवायच्या आधी स्पॅनिश कीबोर्ड आणि रीजन स्पेन ठेवलेल्या एका फोनवरून स्वतः एक ट्रेड टाका, दुरुस्तीच्या स्क्रीनवर नवीन भाव टाइप करायचा असेल तर तिथलं फील्डही जुनंच वापरलेलं असू शकतं.